ऐकलेले विज्ञान आणि पडताळलेले विज्ञान
अहमदनगर जिल्ह्याच्या इतिहासातून काही धडे

‘विज्ञान लोकांपर्यंत पोहोचले पाहिजे’ हे वाक्य शाळेतील विज्ञानदिनाच्या फलकापासून शासनाच्या परिपत्रकापर्यंत सगळीकडे आपल्याला भेटते. वाक्याविषयी कोणाची तक्रार नाही. पण त्यातील ‘पोहोचणे’ ह्या शब्दाचा नेमका अर्थ काय? मनिऑर्डर पोहोचते, तसे विज्ञान पोहोचते का? पाठवणाऱ्याने पाठवले, घेणाऱ्याने सही करून घेतले, की काम संपले?

आमच्यासारखी प्रयोगशाळेत काम करणारी माणसे बहुधा असेच धरून चालतात. लोकांजवळ माहिती नाही, आपल्याजवळ आहे. ती सोप्या भाषेत सांगितली की लोक शहाणे होतील, असा हा हिशेब असतो. त्याला आपण ‘रित्या घड्याची कल्पना’ म्हणू. लोक म्हणजे रिते घडे आणि विज्ञान म्हणजे त्यांत ओतायचे पाणी. ही कल्पना खरी आहे की नाही, हे तर्काने ठरवण्यापेक्षा इतिहासात डोकावून पाहणे अधिक उपयोगी पडेल. त्यासाठी आम्ही एकच जिल्हा निवडला आहे. तो म्हणजे क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा असलेला अहमदनगर जिल्हा. २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. पण लेखात येणारा बराचसा काळ जुन्या नावाचा असल्याने आम्ही तेच नाव वापरत आहोत. ह्या एका जिल्ह्यात गेल्या पावणेदोनशे वर्षांत विज्ञान आणि सामान्य माणूस ह्यांची गाठ निरनिराळ्या प्रकारांनी पडली. ते प्रकार शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते.

छापील पान : १८४२

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला आपले ठाणे वसवले. १८४२ च्या जूनमध्ये ह्याच गावातून ‘ज्ञानोदय’ हे मासिक निघू लागले. हेन्री बॅलन्टाइन हे त्याचे पहिले संपादक. पुढे काही वर्षांतच ते मुंबईला गेले, पण त्याचा जन्म नगरचा. मराठी नियतकालिकांचा तो अगदी आरंभीचा काळ होता. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ मध्ये आणि ज्ञानविषयांना वाहिलेले ‘दिग्दर्शन’ १८४० मध्ये सुरू झाले होते.

‘ज्ञानोदय’ धर्मप्रसारासाठी निघाले होते, पण त्यात भूगोल, खगोल, सृष्टिज्ञान असे विषयही येत. पृथ्वी गोल आहे, ग्रहणे सावलीमुळे लागतात, पुराणांतील सात समुद्र आणि मेरू पर्वत हे वर्णन खरे नव्हे, अशा आशयाचे लेखन त्यात असे. विज्ञान म्हणून ह्यातील बरेचसे बरोबरच होते. पण वाचणाऱ्याच्या जागी क्षणभर आपण उभे राहून पाहू.

१८४२ मधील नगरच्या एखाद्या साक्षर गृहस्थाला पृथ्वी गोल असल्याचे नव्याने कळायचे होते असे नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’त ते लिहून ठेवले होते. पंचांगकर्ते जोशी गणेश दैवज्ञांच्या १५२० मधील ‘ग्रहलाघवा’वरून ग्रहणांचे गणित करतच होते, आणि ग्रहण सांगितलेल्या दिवशी लागतही होते. म्हणजे मिशनरी सांगत होते ते ग्रहण आणि जोशीबुवा सांगत होते ते ग्रहण, दोन्ही आकाशात एकच होते. सामान्य माणसाला एकीकडून सावलीची गोष्ट ऐकू येई, दुसरीकडून राहूची. दोहोंतील कोणती खरी, हे त्याने ठरवायचे कसे? त्याच्या हाती ना दुर्बीण होती, ना गणित. हाती होते ते एवढेच : सांगणारा कोण आहे आणि तो हे का सांगतो आहे, ह्याचा विचार करणे. आणि हे सांगणारा उघडच धर्म बदला असेही सांगत होता. तेव्हा वाचकाने सांगण्याआधी सांगणाऱ्याची परीक्षा केली, ह्यात नवल काय?

त्याच सुमारास भोपाळजवळ सिहोर येथे एक वेगळा प्रयोग चालला होता. लान्सलॉट विल्किन्सन हा इंग्रज अधिकारी तेथील पाठशाळेत सिद्धान्तग्रंथांच्याच आधारे खगोलशास्त्र शिकवण्याचा आग्रह धरत होता. त्याच्या प्रेरणेने सुबाजी बापू ह्यांनी १८३६ मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ लिहिला. लोकांना जे आधीच मान्य आहे तेथून सुरुवात करावी, हे त्यातील सूत्र होते. ते अधिक शहाणपणाचे होते, ह्यात शंका नाही. तरीही वाद झाला तो शास्त्री आणि पंडित ह्यांच्यातच. शेतात राबणारा माणूस दोन्हीकडच्या प्रयत्नांत श्रोताच राहिला.

मात्र मिशनच्या नगरमधील कामात एक गोष्ट अशी होती, जी वादावर अवलंबून नव्हती. सिंथिया फरार ही शिक्षिका १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत नगरला मुलींच्या शाळा चालवत होती. १८४८ मध्ये जोतीराव फुले नगरला आले आणि त्यांनी ती शाळा पाहिली. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. पुढे सावित्रीबाईंनीही नगरला फरारबाईंकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले. मुली शिकू शकतात की नाही ह्यावर तेव्हा हवे तेवढे लिहिता-बोलता आले असते. पण शिकणाऱ्या मुली डोळ्यांनी पाहिल्यावर युक्तिवादाची गरज उरत नाही. नगरहून महाराष्ट्रात सर्वांत दूर गेलेली गोष्ट छापील पानावरची नव्हती, ती प्रत्यक्ष पाहिलेली होती.

चष्म्याची गोष्ट : १९८० आणि १९९५

त्यानंतरच्या शतकात विज्ञान सांगणाऱ्यांची संख्या वाढली आणि त्यांचा हेतूही निर्मळ होता. पुण्यातून १९२८ पासून ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघू लागले. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास करणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरले. शाळा गावोगावी पोहोचल्या. ग्रहणाची आकृती प्रत्येक मुलाच्या वहीत आली.

आणि १६ फेब्रुवारी १९८० रोजी सूर्यग्रहण आले. खग्रास ग्रहणाचा पट्टा कर्नाटक-आंध्रातून गेला. महाराष्ट्रात ते खंडग्रास दिसले. त्या दुपारी शहरांतील रस्तेसुद्धा ओस पडले होते. वहीत बिनचूक आकृती काढणारी माणसे दारे-खिडक्या लावून घरात बसली. पंधरा वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९९५ रोजी, उत्तर भारतातून खग्रास ग्रहणाचा पट्टा गेला, तेव्हा चित्र पुष्कळ बदलले होते. ठिकठिकाणी लोक मैदानांत आणि गच्च्यांवर जमले, कित्येक जण मुद्दाम प्रवास करून पट्ट्यात गेले.

मधल्या काळात लोकांच्या ‘माहिती’त असा काय फरक पडला होता? ग्रहण सावलीमुळे लागते, हे १९८० मध्येही ठाऊक होते. पण १९८० मध्ये शास्त्रज्ञांनी दिलेला मुख्य संदेश ‘सूर्याकडे पाहू नका, डोळे जातील’ असा होता. इशारा योग्यच होता; मात्र आजीबाई जे सांगत होत्या त्याच्याशी तो नेमका जुळला. १९९५ मध्ये विज्ञान संघटनांनी सूर्यप्रकाश पुरेसा अडवणारे चष्मे मोठ्या प्रमाणावर उपलब्ध करून दिले आणि ‘असे पाहा’ म्हणून सांगितले. काही रुपयांचा चष्मा डोळ्यांवर चढला की प्रत्येक जण आपापला निरीक्षक होतो. चंद्राची काळी कड सूर्यावर सरकताना स्वतः पाहिली, ग्रहणात बाहेर उभे राहून आपल्याला काही झाले नाही हेही स्वतः पाहिले. वहीतील आकृती जे करू शकली नव्हती, ते चष्म्याने केले.

जामखेड : १९७०

आता पुन्हा नगर जिल्ह्यात येऊ. जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, बीडच्या सीमेवर जामखेड हा अवर्षणग्रस्त तालुका आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले दांपत्य. त्यांनी आधी ह्याच जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला, आणि १९७० मध्ये जामखेडला समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

वडाळ्याचा अनुभव असा होता की रुग्णालयात बरे होऊन गेलेले मूल काही महिन्यांनी त्याच आजाराने परत येते. कारण आजार गावात तयार होत होता. पाण्यात, चुलीपाशी, बाळंतिणीच्या खोलीत. म्हणून जामखेडला त्यांनी आधी प्रशिक्षित परिचारिका गावांत राहायला पाठवल्या. हाही रित्या घड्याचाच प्रकार होता. फक्त सांगणारी व्यक्ती गावाजवळ नेली होती. तो फारसा चालला नाही. बाहेरून आलेल्या, शहरी वळणाच्या तरुण मुलीचे म्हणणे घरातील सासू कशाला ऐकेल? तेव्हा गावकऱ्यांशी बोलताना दुसरा मार्ग पुढे आला : गावातीलच, गावाने निवडलेली बाई शिकवून तयार करावी. निवडल्या गेलेल्या बायका बहुतेक संसारी, प्रौढ होत्या. अनेक दलित आणि इतर मागे ठेवलेल्या समाजांतील होत्या, आणि बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, थोडेसे शिकत, गावात जाऊन ते करून पाहत, आणि पुढच्या आठवड्यात काय जमले, काय नाही, लोक काय म्हणाले, हे घेऊन परत येत.

ह्या शिकण्यातील एक उदाहरण घेऊ. नवजात बाळाला होणारा धनुर्वात तेव्हा ग्रामीण भागात फार बळी घेई. जन्मानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान बाळ दूध ओढेनासे होते, जबडा घट्ट मिटतो, अंग ताठते आणि बहुतेक वेळा ते दगावते. ह्याच दिवसांत पाचवी-सहावी पुजली जाते, म्हणून सटवाईचा कोप झाला असे म्हणणे सोपे होते. धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात. नाळ विळ्याने कापली किंवा कापल्या जागी माती, राख, शेण लावले, की ते शरीरात शिरतात. हवा न मिळणाऱ्या जखमेत ते वाढतात आणि त्यांचे विष मज्जासंस्थेवर परिणाम करते. उपाय दोन : गरोदर बाईला धनुर्वाताची लस देणे, म्हणजे तिच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वारेतून बाळाला मिळतात, आणि उकळलेले नवे पाते, स्वच्छ दोरा, साबणाने धुतलेले हात.

बीजाणू काही गावातील बाईला दिसणार नव्हते. पण नाळ कशाने कापली आणि बाळाचे काय झाले, हे तिला दिसत होते. गावातील प्रत्येक बाळंतपण तिला ठाऊक होते. कोणाचे बाळ जगले, कोणाचे गेले, हे तिला पाठ होते. पाते उकळायला लागल्यापासून ताठून मरणारी बाळे थांबली, हा निष्कर्ष तिने आणि तिच्याबरोबर सगळ्या गावाने स्वतः काढला. मुलांच्या जुलाबाचेही तसेच. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आतड्यात साखरेबरोबर मीठ आणि त्यांच्यामागून पाणी शोषले जाते, हे त्यामागचे शास्त्र. १९७१ मध्ये बंगालच्या सीमेवर बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी अशाच मिश्रणाने पटकीच्या हजारो रुग्णांचे प्राण वाचवले होते. आईला त्याचा पडताळा काही तासांत मिळतो : सुकलेल्या मुलाचे डोळे तरतरीत होतात, ते लघवी करते.

१९७२-७३ च्या दुष्काळात विंधनविहिरी खोदण्याचे काम निघाले, तेव्हा पाणी लागण्याजोग्या जागांपैकी दलित वस्तीतील जागा मुद्दाम निवडल्या गेल्या. पाण्यासाठी सगळ्यांना तेथे यावे लागले. भूजलाचे शास्त्र जात मानत नाही, हे कोणी भाषणात सांगितले नाही. हातपंपाने ते रोज दाखवले.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार त्या गावांत १९७१ मध्ये दर हजार जन्मांमागे १७६ अर्भके एक वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ मध्ये हा आकडा ५२ झाला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ ह्या पुस्तकात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या विषयाच्या दृष्टीने मात्र मोलाची गोष्ट आकड्यापलीकडे आहे. ज्या बाईने पात्याची गोष्ट पडताळून दाखवली, तिने नंतर क्षयाची गोळी महिनोन् महिने न चुकता घ्यायला सांगितली, कुष्ठरोग शाप नसून आजार आहे असे सांगितले, तेव्हा लोकांनी ऐकले. ह्या गोष्टी गावाला लगेच पडताळता येण्याजोग्या नव्हत्या. पडताळलेल्या गोष्टीतून कमावलेला विश्वास न पडताळता येणाऱ्या गोष्टीच्या कामी आला.

कंब्रिया : १९८६

विश्वास असा कमावता येतो, तसा गमावताही येतो. त्याचे उदाहरण इंग्लंडमध्ये सापडते. १९८५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने लोकांच्या विज्ञानविषयक जाणिवेवर एक अहवाल प्रसिद्ध केला. लोकांना विज्ञान अधिक कळले पाहिजे, हा त्याचा सूर. दुसऱ्याच वर्षी, २६ एप्रिल १९८६ रोजी, चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. किरणोत्सारी सीझियम वाऱ्याबरोबर पसरले आणि पावसाबरोबर वायव्य इंग्लंडमधील कंब्रियाच्या डोंगरांवर उतरले. तेथील मेंढपाळांना शास्त्रज्ञांनी जूनमध्ये सांगितले की मेंढ्यांच्या विक्रीवर तीन आठवडे बंदी राहील, मग सारे ठीक होईल.

तीन आठवडे गेले. बंदी उठली नाही. सीझियम मातीत अडकून बसते हा अंदाज चिकणमातीवरून केला होता. कंब्रियाच्या डोंगरावरची माती आम्ल आणि वनस्पतींच्या अवशेषांनी भरलेली. तिच्यात सीझियम अडकत नाही. ते पुन्हा गवतात येते आणि गवतातून मेंढीत जाते. डोंगरावर मोकळ्या चरणाऱ्या मेंढ्या कुंपणात कोंडून प्रयोग केले, तर त्या खंगतील आणि प्रयोगाला अर्थ उरणार नाही, हे मेंढपाळांनी आधीच सांगितले होते. घडलेही तसेच. शेवटची बंदी उठायला २०१२ साल उजाडले. लँकेस्टर विद्यापीठातील ब्रायन विन ह्यांनी ह्या मेंढपाळांशी बोलून जो अभ्यास केला, तो ह्या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. मेंढपाळांना किरणोत्सार कळला नाही म्हणून ते शास्त्रज्ञांवर चिडले नव्हते. जमिनीविषयी त्यांना जे पक्के ठाऊक होते, ते विचारायला कोणी आले नाही, आणि खात्रीने सांगितलेले अंदाज पडताळ्यात उतरले नाहीत, हे त्यांच्या रागाचे कारण होते. घडे रिते नव्हते.

हिवरे बाजार : पावसाचा ताळेबंद

नगर शहराच्या पश्चिमेला हिवरे बाजार हे गाव आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा भाग. वर्षाचा पाऊस साधारण ४०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचा आदर्श समोर होता. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान ह्यांबरोबर समतल चर, बांध अशी पाणलोटाची कामे झाली. ती सर्वज्ञात आहेत. पण येथे आपण दुसऱ्या गोष्टीकडे पाहणार आहोत. २००४ च्या सुमारापासून हे गाव दरवर्षी भूजल विभागाच्या मदतीने पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती पडला, विहिरींची पातळी किती आहे, ह्याच्या नोंदी ग्रामसभेपुढे येतात आणि त्यावरून कोणती पिके घ्यायची हे ठरते. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि ऊस, केळी ही पिके लावायची नाहीत, असा गावाचा नियम आहे.

हा नियम कशावर उभा आहे हे कोणत्याही शाळेतील सातवीच्या मुलाला फळ्यावर काढून दाखवता येईल. १ हेक्टर जमिनीवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी होते १०,००० लिटर, म्हणजे उन्हाळ्यात गावात येतो तो एक टँकर. हिवरे बाजारचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर. ४०० मिलिमीटर पाऊस पडला, तर गावाच्या शिवारात सुमारे ३९० कोटी लिटर पाणी पडते. हे झाले जवळजवळ ३ लाख ९० हजार टँकर! आकडा ऐकून वाटते, मग दुष्काळ कसला? पण ह्यातील मोठा वाटा बाष्प होऊन उडतो, काही ओढ्याने वाहून जातो, काही मातीत ओल होऊन पिकांना मिळतो. दख्खनच्या काळ्या पाषाणात खाली मुरून भूजलाला मिळतो तो साधारण दहावा हिस्सा. म्हणजे विहिरींसाठी उरले ३९ कोटी लिटर.

आता खर्चाची बाजू. १,२०० माणसांना दररोज माणशी ५५ लिटर धरले, तर वर्षाला सुमारे २ कोटी ४० लाख लिटर लागतात. जनावरांचे आणखी काही. म्हणजे पिण्याच्या पाण्याची खरे तर अडचण नाही. उसाला मात्र एका पिकाला २,००० मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते, म्हणजे हेक्टरी २ कोटी लिटर. त्यातील थोडा भाग थेट पावसातून मिळतो हे खरे. तरीही वीस हेक्टर ऊस अख्ख्या गावाच्या वाट्याचे मुरलेले पाणी पिऊ शकतो. ९७६ हेक्टरांपैकी फक्त वीस!

हे गणित ज्या जिल्ह्यात मांडले गेले, तोच जिल्हा साखरेचा. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नातून सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला उभा राहिला. धरणाच्या कालव्याखालील गावाचा ताळेबंद वेगळा आणि डोंगरउतारावरील कोरडवाहू गावाचा वेगळा. हा फरक नुसत्या उपदेशाने पटला नसता. ‘पाणी जपून वापरा’ असे फलक प्रत्येक एस.टी. स्थानकावर आहेत आणि त्यांच्याखालीच गळके नळ आहेत. हिवरे बाजारमध्ये आकडा गावाने स्वतः मोजलेला होता; तो चुकला असता तर फेब्रुवारीत विहिरीने सांगितले असते. आणि त्या आकड्यावर निर्णय घ्यायचा अधिकारही गावाकडेच होता. मोजमाप आणि निर्णय एकाच हाती आले, तेव्हा विज्ञान गावाचे झाले.

अर्थात नुसता आकडा काही करत नाही. कोणाचे किती पीक कमी करायचे, हे विज्ञान ठरवत नाही. ती न्यायाची आणि एकोप्याची गोष्ट आहे. आकडा इतकेच करतो की भांडण अंदाजावर न होता वस्तुस्थितीवर होते.

उलटा प्रवाह

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे ह्यांनी वाल, घेवडा, भात आणि भाज्यांचे स्थानिक वाण जपले. शाळेची पायरी न चढलेल्या राहीबाईंच्या ह्या कामाला ‘बायफ’ संस्थेची साथ मिळाली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पोपटराव पवारांनाही त्याच वर्षी हा सन्मान मिळाला. कोणते वाण कोणत्या जमिनीत, किती पावसात येते, हे वर्षानुवर्षे पाहून राखलेले ज्ञान आहे. येथे ज्ञान गावाकडून संशोधकाकडे गेले. राहुरीला १९६८ पासून कृषी विद्यापीठ असलेल्या जिल्ह्यात हे घडावे, हे बोलके आहे. विद्यापीठ आणि बियाण्याचे मडके ह्या दोघांनाही एकमेकांची गरज आहे.

शिक्षकांनी काय घ्यावे?

ह्या साऱ्या इतिहासातून निघणारे सूत्र साधे आहे. जेव्हा लोकांना विज्ञान केवळ ऐकायचे असते, तेव्हा ते सांगणाऱ्याकडे पाहून ठरवतात. जेव्हा ते पडताळता येते आणि त्यावर आपल्या जगण्यातला एखादा निर्णय अवलंबून असतो, तेव्हा ते सांगितलेल्या गोष्टीकडे पाहतात. ‘ज्ञानोदय’मधील लेख आणि हिवरे बाजारचा ताळेबंद ह्यांतील फरक खऱ्या-खोट्याचा नाही. दोन्हीकडे विज्ञान बरोबरच होते.

ह्यावर कोणी म्हणेल, सगळेच कसे पडताळणार? अणू, जीवाश्मांचे वय, लसीची परिणामकारकता गावात कशी तपासायची? आक्षेप खरा आहे. आम्ही संशोधकही आपल्या विषयाबाहेरच्या बहुतेक गोष्टी विश्वासानेच मानतो. पण तो विश्वास कोठून येतो? विज्ञानाची पद्धत कशी चालते, हे आपण निदान एका ठिकाणी स्वतःच्या हाताने अनुभवलेले असते. तो अनुभव देणे हे शाळेचे काम आहे. ज्या मुलाने एकही गोष्ट स्वतः तपासली नाही, त्याला पुस्तकातील विज्ञान आणि मोबाइलवर फिरणारी अफवा ही दोन्ही सारख्याच वजनाची ‘माहिती’ वाटते. २०२० नंतरच्या साथीच्या काळात आपण त्याची किंमत पाहिली आहे.

म्हणून येत्या जूनमध्ये एक काम करून पाहावे. सरळ भिंतींचा, तळ आणि तोंड सारख्याच रुंदीचे असलेला एक डबा शाळेच्या मैदानात, झाडा-इमारतींपासून दूर, जमिनीपासून फूटभर उंच घट्ट बसवावा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी पट्टीने पाणी मोजून मुलांनी वहीत लिहावे आणि डबा रिता करावा. जवळच्या दोन-तीन विहिरींत दगड बांधलेली दोरी सोडून महिन्यातून एकदा पाण्याची पातळी मोजावी. तलाठ्याकडून गावाचे क्षेत्र आणि पीकपाहणी घ्यावी. दिवाळीनंतर वर दिलेला हिशेब मुलांनी आपल्या गावासाठी मांडावा. तहसीलच्या पर्जन्यमापकाशी आपला आकडा जुळत नसेल तर उत्तमच. का जुळत नाही, ह्यावर एक तास चांगला जाईल. गावातील जुन्या शेतकऱ्यांना विचारावे की अशा पावसात ते पूर्वी काय पेरत, आणि त्यांची उत्तरेही त्याच वहीत लिहावीत.

मग ती वही २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मुलांनाच वाचू द्यावी. लोक शंका काढतील, आकडे तपासून मागतील, कदाचित वादही घालतील. त्यांना तसे करू द्यावे, आणि ज्याला शंका असेल त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी घेऊन मुलांबरोबर विहिरीवर यायला सांगावे.